क्षमा कोणाच्या वतीने?

'गेलेल्या माणसाचे पैसे करायचे काय?' अपघाती मृत्यू घडलेल्या घरात, सांत्वनाला जमलेल्या मंडळींत, हा प्रश्न कोणीतरी वडीलधारा माणूस हमखास विचारतो. विचारणारा मनाने निर्लोभी असतो, त्याचा आवाज दुःखाने भरून आलेला असतो, आणि ऐकणाऱ्यांच्या माना आपोआप खाली जातात. कोपऱ्यात बसलेल्या ज्या तरुण विधवेच्या मनात मुलांच्या शाळेच्या फीचा विचार क्षणभर डोकावलेला असतो, तिला स्वतःचीच लाज वाटू लागते. मग दुसरा कोणी म्हणतो, 'देवाची इच्छा!' तिसरा त्यावर कळस चढवतो, 'आपण ख्रिस्ती माणसे, क्षमा करणे हाच आपला धर्म.'

ह्या तीन वाक्यांनी आपल्या समाजातील किती घरांचा हक्क बुडाला, ह्याची नोंद कोणत्याही वहीत नाही. ही वाक्ये कानाला धार्मिक वाटतात. त्यांच्यात सुवार्तेचा अंश किती आहे हे तपासून पाहिले पाहिजे. ती उच्चारणाऱ्यांच्या हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. माझा वाद त्यांच्या निष्कर्षाशी आहे, आणि तो वाद मी आडपडदा न ठेवता मांडणार आहे.

प्रथम व्यवहारात काय घडते ते पाहू. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर किंवा वसईच्या एखाद्या अरुंद गावरस्त्यावर अपघात होतो. घरचा कर्ता पुरुष जातो. सातव्या दिवसाची मिस्सा व्हायच्या आत मोटारमालकाकडचा माणूस मध्यस्थ घेऊन दारी येतो. 'झाले ते वाईट झाले, पण आता कोर्टकचेऱ्या कशाला? आपसांत मिटवून टाकू,' असे बोलणे होते. वीस-पंचवीस हजारांवर, फार तर पन्नास हजारांवर सौदा ठरतो. घरातील ज्येष्ठ दीर किंवा सासरे कागदावर सही करतात. सर्वांना वाटते की आपण मोठ्या मनाने वागलो.

आता ह्या मोठ्या मनाचा हिशेब मांडून पाहू. मोटार अपघातातील नुकसानभरपाई कशी मोजावी ह्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा खटल्यात आणि २०१७ साली प्रणय सेठी खटल्यात घालून दिली आहे. समजा, मृत गृहस्थ बत्तीस वर्षांचा होता, स्वतःचा छोटा व्यवसाय करून महिना पंधरा हजार रुपये मिळवीत होता, आणि पत्नी, दोन मुले व वृद्ध आई असे चौघे त्याच्यावर अवलंबून होते. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसाच्या मिळकतीत भविष्यातील वाढीपोटी चाळीस टक्के धरावेत, असे न्यायालय सांगते. म्हणजे झाले एकवीस हजार. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा करायचा. उरले पंधरा हजार सातशे पन्नास. वर्षाचे झाले एक लाख एकोणनव्वद हजार. बत्तिसाव्या वर्षासाठी गुणक आहे सोळा. गुणाकार करून पाहा: तीस लाख चोवीस हजार रुपये. अंत्यविधीचा खर्च आणि पत्नी-मुलांच्या सहवासहानीची रक्कम ह्याखेरीज. मृताचा स्वतःचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर ही रक्कम त्या प्रमाणात कमी होईल. मिळकतीचा पुरावा अपुरा पडला तर न्यायाधिकरण अंदाजाने मिळकत धरील. तरीसुद्धा पंचवीस हजार कोठे आणि हा आकडा कोठे! मधले अंतर हेच त्या घराने दाखवलेल्या औदार्याचे मोजमाप आहे. आणि ते औदार्य कोणाच्या ताटातून दिले गेले? सही करणाऱ्या दिराच्या नव्हे. त्या दोन पोरक्या लेकरांच्या.

माझ्या म्हणण्याचा गाभा येथे आहे. क्षमा ही ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच करायची गोष्ट आहे. माझ्या गालावर बसलेली चपराक मी विसरू शकतो. शेजाऱ्याच्या गालावर बसलेली चपराक मी त्याच्या वतीने विसरलो तर ते औदार्य कसले? पित्याच्या मृत्यूने सहा वर्षांच्या मुलीचे शिक्षण, तिचा आहार, तिच्या आजारपणातील औषध हिरावले गेले. त्या मुलीला अजून 'क्षमा' ह्या शब्दाचा अर्थही कळत नाही. तिच्या वाटणीची क्षमा परस्पर देऊन टाकण्याचा अधिकार काकांना नाही, आजोबांना नाही, आणि धर्मगुरूलाही नाही. आपला दिवाणी कायदा ह्याबाबत आपल्यापेक्षा अधिक सावध आहे. दाव्यात अज्ञान बालकाच्या वतीने तडजोड करायची असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. तसेच, मिळालेल्या भरपाईतील मुलांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे. लेकरांच्या हक्काला कायदा जो पहारा देतो, तो आपण सांत्वनाच्या बैठकीत उठवून टाकतो.

कोणी म्हणेल, 'पण बिचाऱ्या चालकाचे काय? त्याचेही घर उद्ध्वस्त करायचे काय?' हा प्रश्न कारुण्यातून येतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने प्रत्येक वाहनाला त्रयस्थ व्यक्तीच्या हानीसाठीचा विमा सक्तीचा केला आहे. विमा चालू असेल आणि त्याच्या अटी पाळलेल्या असतील, तर भरपाई चालकाच्या खिशातून जात नाही. ती विमा कंपनी भरते. त्यासाठीच वर्षानुवर्षे हप्ते गोळा केलेले असतात. शिवाय चालकावरील फौजदारी खटला वेगळा आणि न्यायाधिकरणापुढील भरपाईचा अर्ज वेगळा. चालकाच्या घरी जाऊन त्याचा हात हातात घ्या, त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करा, त्याच्याविषयी मनात डूख धरू नका. हे सारे करूनही अर्ज दाखल करता येतो. आपण अर्ज केला नाही तर लाभ गरीब चालकाचा होत नाही. तेवढी रक्कम विमा कंपनीच्या तिजोरीत शिल्लक राहते. विमा कंपनीला क्षमा करावी अशी आज्ञा शुभवर्तमानात मला कोठेही आढळलेली नाही.

आता धर्मशास्त्राकडे वळू. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात परमेश्वराने मोशेला जे नियम दिले ते आपल्यापैकी किती जणांनी लक्षपूर्वक वाचले आहेत? भांडणात कोणी जखमी होऊन अंथरुणाला खिळला, तर मारणाऱ्याने त्याच्या बुडालेल्या कामाचे दिवस भरून द्यावेत आणि तो बरा होईपर्यंत औषधोपचार करावेत, असे तेथे सांगितले आहे. कोणी खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचे जनावर पडून मेले, तर खड्ड्याच्या धन्याने त्याची किंमत भरावी, असेही आहे. बुडालेली मजुरी, औषधाचा खर्च, निष्काळजीपणाची जबाबदारी: आजच्या न्यायाधिकरणात ज्या गोष्टींचा विचार होतो, त्यांची बीजे सिनायच्या पायथ्याशी पेरलेली आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यातील खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तो वाचताना निर्गमातील उघड्या खड्ड्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तेथे बैलाचे आणि गाढवाचे मोल होते. आपल्याकडे माणसाचे मोल ठरायला एकविसाव्या शतकाची पंचवीस वर्षे जावी लागली.

१९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात, प्रायश्चित्त संस्काराविषयीच्या १४५९ व्या परिच्छेदात, पापक्षमा मिळाली तरी पापाने केलेली हानी भरून काढण्याचे कर्तव्य शिल्लक राहते असे सांगितले आहे. आणि त्याच्या उदाहरणांत चोरलेली वस्तू परत करण्याबरोबर इजेबद्दल भरपाई देण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे क्षमा आणि भरपाई ह्या एकमेकींच्या सवती नाहीत. जक्कयाने प्रभूला घरी घेतले तेव्हा नुसते अश्रू ढाळले नाहीत. लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले, आणि त्या घराला तारण लाभले.

'दुसरा गाल पुढे करा' ह्या शिकवणीचे काय, असे विचारले जाईल. करिंथकरांनी एकमेकांविरुद्ध न्यायालयात जाऊ नये, असे संत पौलाने बजावले त्याचे काय, असेही कोणी विचारील. पौल करिंथच्या त्या श्रद्धावंतांना रागावला, जे आपापसांतील क्षुल्लक वाद बाहेर नेऊन बंधुत्व तोडत होते. परंतु त्याच पौलाला फिलिप्पैत बेकायदा फटके मारून तुरुंगात टाकले, तेव्हा तो गुपचूप निघून गेला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर काढावे, असे त्याने ठणकावले. पुढे जीव धोक्यात आला तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला आणि कैसराकडे दाद मागितली. आणि लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवा? अन्यायी न्यायाधीशाच्या दारी ती पुन्हा पुन्हा जाते, त्याला भंडावून सोडते, आणि प्रभू तिलाच चिकाटीच्या प्रार्थनेचा आदर्श म्हणून आपल्यापुढे उभी करतो. तिला लोभी म्हणणारा कोणी त्या दाखल्यात नाही. तो आपल्या सांत्वनाच्या बैठकीत मात्र सापडतो.

'देवाची इच्छा' ह्या वाक्याबद्दल तर मला अधिक कठोर बोलावे लागेल. मद्य पिऊन वाहन हाकणे, झिजलेले ब्रेक न बदलणे, उलट दिशेने ट्रक घुसवणे, ह्या गोष्टी देवाच्या इच्छेने होत नाहीत. त्या माणसाच्या बेपर्वाईने होतात. त्यांचा दोष देवाच्या माथी मारणे म्हणजे भक्तीच्या आवरणाखाली केलेली निंदाच होय.

ह्या अनास्थेची झळ सर्वाधिक कोणाला लागते? पहिली, घरातील आई. ती अपघातात गेली की 'ती काही कमवत नव्हती' असे म्हणून अर्जच केला जात नाही. पहाटे उठून वाडीतील भाजी खुडणारी, सासू-सासऱ्यांची शुश्रूषा करणारी, मुलांना वाढवणारी स्त्री कमवत नव्हती? सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली लता वाधवा खटल्यात गृहिणीच्या श्रमांना पैशांत किंमत दिली, आणि २०२१ साली हेच तत्त्व पुन्हा ठासून सांगितले. न्यायालयाला जे दिसले ते नवऱ्याला आणि दिराला दिसू नये, हे खेदजनक आहे.

दुसरा, विरार-चर्चगेटच्या गाडीत दाराला लोंबकळून नोकरीवर जाणारा आपला तरुण. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारातील प्रवासी खाली पडून प्राणास मुकले, तेव्हा वर्तमानपत्रे जागी झाली. परंतु असे मृत्यू त्याआधीही घडत होते, आणि दर वेळी 'दारात उभा राहिला, त्याचीच चूक' असे म्हणून घरचे गप्प बसतात. १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार चालत्या गाडीतून प्रवासी अपघाताने पडला, तर रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूसाठी १ जानेवारी २०१७ पासून ही भरपाई आठ लाख रुपये आहे. दारात उभे राहणे हा निष्काळजीपणा असेल, परंतु तेवढ्यावरून भरपाई नाकारता येत नाही. तसेच मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्याच कारणाने दावा कोसळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रीना देवी खटल्यात स्पष्ट केले. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत करायचा असतो. मात्र रूळ ओलांडताना मृत्यू आला तर हा हक्क नाही. तेव्हा पुलाच्या चार पायऱ्या चढण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

तिसरा, ज्याला धडक देऊन वाहन पसार झाले तो. 'गाडीचा नंबरच नाही, दावा कोणावर करणार?' असे म्हणून लोक हात टेकतात. अशा प्रसंगासाठी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची सरकारी योजना लागू आहे. त्याचा अर्ज महसूल खात्याकडे, प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत द्यावयाचा असतो. ही माहिती ज्यांना सर्वांत अधिक हवी, त्यांनाच ती नसते.

मुदतीविषयी एक इशारा देणे अगत्याचे आहे. आपल्याकडे 'वर्षाची मिस्सा होऊन जाऊ दे, मग बघू' असे म्हणण्याची रीत आहे. दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याने १ एप्रिल २०२२ पासून भरपाईच्या अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. ह्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. परंतु त्या भरवशावर विधवेने थांबून राहणे शहाणपणाचे नाही. अर्ज करण्यासाठी अपघाताच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणातही तो करता येतो. पोलिसांनीही अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत आणि सविस्तर अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवावा, असा नियम आहे. तो पाठवला की नाही, हे विचारण्याचा नागरिकाला पूर्ण अधिकार आहे.

ह्या वाटेवर लांडगेही आहेत, हे मी नाकारत नाही. रुग्णालयाच्या व्हरांड्यात आणि शवागाराच्या दाराशी फिरणारे दलाल शोकाकुल माणसाकडून कोऱ्या वकीलपत्रावर सही घेतात आणि मिळेल त्या रकमेतील टक्केवारी ठरवून टाकतात. भरपाईच्या रकमेवर टक्केवारीने फी ठरवणे वकिलांना त्यांच्या व्यावसायिक नियमांनीच निषिद्ध आहे. २०१७ साली तेलंगणातील एका विधवेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. पतीच्या अपघाती मृत्यूच्या भरपाईत टक्केवारीने फी मागून वकिलाने तिच्यावर धनादेशाचा खटला भरला होता. न्यायालयाने तो रद्द केला आणि असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे सांगितले. टक्केवारी मागणाऱ्याला 'नाही' म्हणायला आपण शिकले पाहिजे. सचोटीने काम करणारे वकील आहेत, त्यांनी आपली योग्य फी जरूर घ्यावी. आणि ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया व बालके ह्यांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे.

आरसा आपल्याकडेही वळवला पाहिजे. भरपाईसाठी खोटे वाहन उभे करणे, परवाना नसलेल्या चालकाच्या जागी दुसऱ्याचे नाव घालणे, अपंगत्वाचा खोटा दाखला मिळवणे, हे सातव्या आणि आठव्या आज्ञेचे उघड उल्लंघन आहे. अशा प्रत्येक खोट्या दाव्यामुळे खऱ्या विधवेकडे संशयाने पाहिले जाते आणि तिचा खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो. जे रविवारी पहिल्या बाकावर बसतात आणि सोमवारी विम्याची मुदत संपलेले वाहन रस्त्यावर आणतात, त्यांनी एवढे समजून घ्यावे की त्यांच्या हातून कोणी मेला तर भरपाई त्यांच्या वाडीतून आणि घरातून वसूल होईल. आणि त्यांची ऐपत नसेल तर मृताची लेकरे उपाशी राहतील. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती कौतुकाने मोटारसायकल देणाऱ्या बापाला, मुलाच्या हातून अपघाती गुन्हा घडल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दहाव्या वाढदिवसाला जपमाळ आणि पंधराव्याला मोटारसायकल, ही कसली संस्कारांची चढण?

मग धर्मग्रामाने काय करावे? अंत्यविधीला आपण हजारो रुपयांची फुले वाहतो, थडग्यावर संगमरवर बसवतो, महिन्याच्या मिस्सेनंतर गावाला जेवू घालतो. त्याच घरात प्रथम खबरीची प्रत कोणी आणलेली नसते. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामात, समाजकार्य पाहणाऱ्या मंडळींपैकी दोघा-तिघांनी ही जबाबदारी अंगावर घ्यावी. अपघातानंतर पहिल्या पंधरवड्यात त्यांनी त्या घरी जावे आणि कागद गोळा करावेत: प्रथम खबर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल किंवा जखमीचे रुग्णालयातील कागद आणि बिले, धडक देणाऱ्या वाहनाच्या नोंदणीची व विम्याची प्रत, मिळकतीचा पुरावा. वयावर गुणक अवलंबून असतो, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला शोधावा. आधारपत्रिका हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली एका अपघाताच्याच खटल्यात सांगितले आहे. नातेसंबंधासाठी आमच्या कचेरीतील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या आहेतच. ते दाखले अशा घरांना त्याच दिवशी आणि विनाशुल्क मिळावेत. आणि मृत गृहस्थ स्वतःचेच वाहन चालवीत असला, तरी त्याच्या विम्यात मालक-चालकाचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेले आहे काय, हे पाहायला विसरू नये.

शोमरोनी माणसाने जखमीच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु त्याने खाणावळवाल्याच्या हाती दोन नाणी ठेवली आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन, असा हिशेबही ठरवला, हे आपण ऐकून न ऐकल्यासारखे करतो. प्रभूने त्या दाखल्यातून पैशाचा उल्लेख गाळला नाही. तेव्हा ह्यापुढे सांत्वनाच्या बैठकीत 'गेलेल्या माणसाचे पैसे करायचे काय?' असे कोणी विचारले, तर तेथे बसलेल्या एखाद्या समंजस माणसाने नम्रपणे, पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे: गेलेल्याचे काही करायचे नाही, काका, त्याला आपण देवाच्या हाती सोपवले आहे. मागे राहिलेल्यांचा अर्ज उद्या सकाळी दाखल करायचा आहे, आणि त्यासाठी तुम्ही आमच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत यायचे आहे.